फेकायची पोकळ नळी: कागदाची, बाटलीची की थ्रीडी प्रिंटरवरची?

दोन्ही तोंडांनी उघडी, पंजात मावेल एवढी नळी. तिला पंख नाहीत, शेपूट नाही, मोटार तर नाहीच. पण बोटांनी फिरकी देऊन नीट फेकली की ती सुतासारखी सरळ निघते आणि बघणारा विचारतो, ‘ही खाली का येत नाहीये?’ अशी नळी स्वतः बनवायची ठरवली की पहिला प्रश्न येतो तो साहित्याचा. मी कागदाच्या, प्लॅस्टिकच्या बाटलीच्या आणि थ्रीडी प्रिंटरवरच्या अशा तिन्ही प्रकारच्या नळ्या केल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिली नळी बाटलीची करा. कारण या नळीचं सगळं मर्म तिच्या तोलात आहे, आणि तोल सहज पुढेमागे करता येतो तो बाटलीच्याच नळीत.

त्याआधी, नळीच हवी आहे का?

फिरत उडणाऱ्या वस्तूंमध्ये नळीला दोन मोठी भावंडं आहेत: फ्रिस्बीची तबकडी आणि चपटं कडं. वॉल्टर मॉरिसन यांची तबकडी व्हॅम-ओ कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली. ॲलन ॲडलर यांचं ‘एरोबी’ हे चपटं कडं १९८४ चं. नळीचं सर्वांत माहितीतलं रूप म्हणजे ‘एक्स-झायलो’. ते मार्क फोर्टी यांनी टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात शिकत असताना शोधलं.

लांब फेकणं एवढाच हेतू असेल, तर नळीचा नाद सोडा. एरोबीची २००३ मधली विक्रमी फेक ४०६ मीटरची आहे आणि डिस्क गोल्फच्या तबकडीची २०१६ मधली ३३८ मीटरची. एक्स-झायलोसाठी निर्मात्यांचा दावा ६५५ फुटांचा, म्हणजे जेमतेम २०० मीटरचा. झेलाझेलीचा खेळ हवा असेल तरी तबकडीच बरी. ती शेवटी हवेत रेंगाळते, आपल्याला खाली जाऊन उभं राहायला वेळ देते. नळी मात्र वेग संपला की पटकन खाली बसते आणि झेलताना बोटांतून निसटते.

मग नळी कोणी करावी? ज्याला एखादी वस्तू का उडते हे स्वतःच्या हाताने चाचपून बघायचं आहे त्याने. तबकडीच्या काठाचा आकार घरी नीट साधणं जवळजवळ अशक्य आहे. एरोबीचं तर सगळं यश बाहेरच्या कडेवरच्या एका बारीकशा उंचवट्यात आहे. कड्याचा मागचा भाग पुढच्या भागाने खाली ढकललेल्या हवेत उडतो, त्यामुळे त्याला उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, कमी मिळते. तो उंचवटा ही तूट भरून काढतो. असं काही घरी घडवणं सोपं नाही. नळीचा आकार मात्र कुणालाही जमतो, आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते.

फरक आसाचा

तबकडी फिरते तेव्हा तिचा आस आकाशाकडे असतो. नळीचा आस उड्डाणाच्या दिशेने असतो, बंदुकीच्या गोळीसारखा. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजी सोडत नाही. नळीही तेच करते. फेकल्यावर तिचं तोंड समोर रोखलेलंच राहतं, पण वजनामुळे तिचा मार्ग हळूहळू खाली झुकू लागतो. झालं, तोंड एकीकडे आणि मार्ग किंचित खाली! या दोघांमध्ये जो दोन-चार अंशांचा कोन पडतो, त्याच कोनामुळे नळीच्या वरच्या आणि खालच्या भिंती पंखासारख्या काम करू लागतात. विमानाला जो कोन पायलट देतो, तो नळी स्वतःच्या पडण्यातून मिळवते. मला ही गोष्ट आजही विलक्षण सुंदर वाटते.

पण भोवऱ्याचा दुसरा गुण इथेच नडतो. फिरत्या वस्तूला वर ढकललं, तर ती वर न जाता बाजूला वळते. उचलीचा जोर नळीच्या पुढच्या काठापासून साधारण पाव लांबीवर लागतो. तोलबिंदू, म्हणजे नळी जिथे टांगली की आडवी तोलून राहते ती जागा, त्याच्या मागे असेल, तर हवा नळीचं तोंड वर करू पाहते आणि नळी भलतीकडेच वळते. उजव्या हाताने फेकलेली नळी मागून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती तोल मागे असेल तर उजवीकडे वळेल आणि तोल फार पुढे असेल तर डावीकडे. म्हणून तोलबिंदू पाव लांबीच्या आसपास आणायचा. बाकी सगळं दुय्यम.

साधी, सगळीकडे सारख्या जाडीची नळी अर्ध्यावर तोलते. तिचं जेवढं वजन, तेवढंच आणखी वजन पुढच्या काठावर चढवलं की तोल बरोबर पावावर येतो. हे गणित एवढं सोपं आहे, तरी बहुतेक जण चिमूटभर वजन लावून ‘उडत नाही’ म्हणून नळी टाकून देतात.

कागद

ए-४ कागद बहुधा ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) असतो, ८० चा असेल तर वजन ५ ग्रॅम. तो आडवा धरा आणि लांब कडेवर दीड सेंटीमीटरच्या नऊ घड्या एकावर एक घाला. उरते साडेसात सेंटीमीटर रुंदीची पट्टी, तिच्या पुढच्या दीड सेंटीमीटरमध्ये कागदाचे दहा थर. हिशोब केला तर तोल सुमारे २४ टक्क्यांवर येतो, म्हणजे जिथे हवा तिथेच. घड्यांचा भाग आत ठेवून पट्टी गोल करा, एक टोक दुसऱ्यात दोनेक सेंटीमीटर खुपसा आणि चिकटपट्टी लावा. व्यास पावणेनऊ सेंटीमीटरच्या आसपास भरतो.

घड्या घालताना नखाने दाबत जा, नाहीतर शेवटच्या तीन घड्या फुगतात. गोल करण्याआधी जाड भाग टेबलाच्या कडेवरून दोन-तीनदा ओढून घ्या. थेट वळवला तर दहा थर कोपरे पाडून वाकतात आणि नळीऐवजी षट्कोन तयार होतो.

कागदाची नळी दहा मिनिटांत होते, घरात उडते, कुणाला लागत नाही. तिचा दोष एकच, पण मोठा: वजन नाही. हवेचा विरोध नळीच्या आकारावर ठरतो आणि तो वेग किती लवकर खाणार हे वजनावर. ५ ग्रॅमची नळी कितीही जोरात फेकली तरी थोड्याच अंतरात तिचा वेग ओसरतो. मैदानात ती निराश करते. खोलीत मात्र तिच्यासारखी शिक्षक नाही.

बाटली

दोन लिटरची गुळगुळीत, सरळ भिंतीची बाटली शोधा. खाचा आणि कमरेचा आकार असलेली नको. व्यास सुमारे ११ सेंटीमीटर मिळतो. सहा सेंटीमीटर रुंदीचं कडं कापलं तर ते बहुतेक ८-९ ग्रॅम भरतं, भिंत पातळ असेल तर कमी. वजनकाट्यावर घालून पाहाच, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर ठरतं.

आता तेवढंच वजन पुढे लावायचं. पहिल्यांदा मी वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी गुंडाळत गेलो. ती जवळपास दोन सेंटीमीटर रुंद असल्याने तिचं वजन काठावर न बसता मागेपर्यंत पसरतं. हिशोब मांडला तेव्हा कळलं की अशा पट्टीचे वीस-एक वेढे लागतील. तार घेतल्यावर प्रश्न सुटला. २ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारेचा या व्यासाचा एकच वेढा सुमारे साडेआठ ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ कड्याइतकाच. तारेची टोकं एकावर एक चढवू नका, समोरासमोर भिडवा. चढवली तर एका बाजूला वजन वाढतं आणि नळी हवेत थरथरते. भिडवलेल्या सांध्यावर आणि सबंध तारेवर चिकटपट्टीचा एक थर द्या. तारेचं उघडं टोक कुणाच्या डोळ्यासमोर फेकण्याची गोष्ट नाही.

तोल बघण्यासाठी दोऱ्याचा फास नळीभोवती घाला आणि वरून टांगा. फास पुढेमागे सरकवत नळी आडवी स्थिर राहील ती जागा शोधा. ती पुढच्या काठापासून दीड सेंटीमीटरवर आली की काम झालं. थोडी मागे असेल तर मागचा काठ दोन-तीन मिलिमीटर कापा. या नळीचा मोठा गुण हाच: कात्री आणि तार एवढ्यावर दहा प्रयोग एका दुपारी होतात.

शीतपेयाच्या पत्र्याच्या डब्याचीही नळी करतात. मी ती करा म्हणणार नाही. कापलेल्या पत्र्याची धार वस्तऱ्यासारखी असते, आणि व्यास इतका लहान की फिरकी द्यायला बोटांना जागाच मिळत नाही.

थ्रीडी प्रिंट

ज्यांच्याकडे प्रिंटर आहे ते थेट इथून सुरुवात करतात आणि एका सापळ्यात अडकतात. त्यांना वाटतं, पुढे जाड आणि मागे निमुळती भिंत काढली की तोल आपोआप पुढे येईल. येत नाही. भिंत मागच्या काठाशी अगदी शून्य जाडीपर्यंत निमुळती केली, तरी तोल ३३ टक्क्यांच्या पुढे सरकत नाही, हे त्रिकोणाचं साधं भूमितीय सत्य आहे. प्रत्यक्षात मागचा काठ निदान ०.४ मिलिमीटर ठेवावाच लागतो. १.२ वरून ०.४ मिलिमीटरवर उतरणारी भिंत घेतली, तर तोल ४२ टक्क्यांवर राहतो. म्हणजे प्रिंट केलेल्या नळीलाही पुढे तार लागतेच. म्हणून पुढच्या काठात तारेसाठी खाच आधीच आखून ठेवा.

साडेनऊ सेंटीमीटर व्यास, साडेपाच सेंटीमीटर लांबी आणि वर सांगितलेल्या जाडीची पीएलएची (प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात त्या प्लॅस्टिकची) भिंत घेतली, तर वजन १६ ग्रॅमच्या आसपास येतं. तिला साधारण ११ ग्रॅमची तार हवी. एकूण २७ ग्रॅम. एक्स-झायलो २३ ग्रॅमची असते, म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत.

प्रिंटचा खरा फायदा गोलाईचा आहे. बाटलीचं कडं नेहमी थोडं लंबगोल होतं आणि अशी नळी प्रत्येक गिरकीत दोनदा हिसका देते. प्रिंटची नळी गोल राहते, पुढचा काठ गुळगुळीत गोलसर करता येतो, आणि एक माप बदलून तीच नळी पुन्हा काढता येते. तोटा: पीएलए ठिसूळ असतं. उभी प्रिंट केलेली नळी दगडावर आपटली की थरांच्या रेषेवरच फाटते. टीपीयूसारखं लवचीक साहित्य आपटणं सोसतं, पण पातळ भिंतीत ते इतकं लोळतं की फेकताना पकडीतच नळी चपटी होते. मऊ गवतावर फेकणार असाल तर पीएलए चालेल.

लांबी किती ठेवायची?

तिन्ही प्रकारांत हा प्रश्न येतो. सारख्या जाडीच्या पोकळ नळीची लांबी व्यासाच्या १.२२ पटीपेक्षा कमी असेल, तरच ती स्वतःच्या आसाभोवती ठामपणे फिरते. त्याहून लांब नळी हळूहळू डुलू लागते आणि आडवी पडते. पुढे वजन लावल्यावर ही मर्यादा थोडी बदलते, पण आपण तिच्या जवळपासही जाऊ नये.

कारण दुसरंही आहे. हर्बर्ट रिब्नर यांनी १९४७ मध्ये वलयाकार पंखाचा, म्हणजे आपल्या नळीसारख्याच आकाराचा, अभ्यास मांडला. त्या सिद्धांतानुसार, उचल निर्माण करताना जो विरोध सोसावा लागतो, तो वलयाकार पंखाला तेवढ्याच रुंदीच्या उत्तम सपाट पंखाच्या निम्मा पडतो. हे वाचून नळी म्हणजे चमत्कार वाटते. पण नळीला हवेचं घर्षण लागतं आत-बाहेर, सगळ्या गोल भिंतीवर, म्हणजे तेवढीच सावली पाडणाऱ्या सपाट पंखाच्या ३.१४ पट पृष्ठभागावर. मी साडेनऊ सेंटीमीटर व्यासाच्या २३ ग्रॅमच्या नळीचा ढोबळ हिशोब केला. सेकंदाला २० मीटर वेगाला घर्षण हे उचलीच्या विरोधाच्या दहापट निघालं. सेकंदाला १० मीटरवर दोन्ही जवळपास सारखे झाले. म्हणजे उड्डाणाचा पहिला, वेगवान भाग घर्षणच खातं. त्यावर उपाय भिंत आखूड ठेवण्याचा. फार आखूड केली तर वेग ओसरल्यावर उचल पुरत नाही. व्यासाच्या ०.५५ ते ०.६५ पट ही लांबी मला सर्वांत चांगली वाटली. कागदाच्या नळीला यापेक्षा लांब ठेवलेलं चालतं, ती मुळात हळूच उडते.

कोणी काय निवडावं

लहान मुलांबरोबर खोलीत करायचं असेल, तर कागद. एकदाच करायची आणि वर्षभर मैदानात फेकायची असेल, तर प्रिंट, पण मापं आधी बाटलीवर पक्की करून. बाकी सगळ्यांसाठी बाटली.

पहिल्या दहा फेका जोर न लावता करा. नळी मागच्या बाजूने बोटांच्या टोकांत धरा, जड काठ पुढे, आणि सोडताना बोटं तिच्या अंगावरून घसरू द्या म्हणजे फिरकी येते. समोर माणूस उभा करू नका, तार लावलेला काठ लागतो. उजव्या हाताची फेक सतत उजवीकडे वळत असेल तर मागचा काठ आणखी दोन मिलिमीटर कापा. डावीकडे वळत असेल तर पुढची तार थोडी बारीक घ्या. सुरुवातीला सरळ जाऊन शेवटच्या काही मीटरमध्येच वळत असेल, तर तुम्ही अगदी जवळ आला आहात. वेग कमी होताना कोन वाढतो आणि तोलातली उरलीसुरली चूक तेव्हाच दिसते. तिथून पुढे एका वेळी एकच मिलिमीटर कापा.