मराठीचा ऑनलाइन क्लास: 'आई आलं' म्हणणाऱ्या पोराचे तीन महिने

क्लासचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहायच्यात. पण ज्यांची पोरं सीबीएसईत आहेत आणि घरी मराठी नाही, त्यांच्या कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर.

आम्ही मूळचे सोलापूरचे पद्मशाली, घरात तेलुगू. माझं मराठी गल्लीत खेळता खेळता झालं, कुणी मुद्दाम शिकवलं नाही. आता पुण्यात आहोत, बायको हैदराबादची, सोसायटीत पोरं आपसात हिंदी नाहीतर इंग्लिश, मग मुलाच्या कानावर मराठी पडणार कुठून? २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, नाही शिकवलं तर शाळेला १ लाखापर्यंत दंड, त्यामुळे शाळेने तास लावलाय. पण तास म्हणजे काय, फळ्यावरचं उतरवून घ्या आणि शुद्धलेखन घरून करून आणा. तिसरीत आलं तरी पोरगं 'आई आलं' असं लिहीत होतं आणि वहीत नुसती लाल फुली.

क्लास शनिवार-रविवार, एक-एक तास, तीन महिन्यांचे ३६०० रुपये. पहिल्याच आठवड्यात 'आई आलं' आलंच. तिथल्या ताईंनी फुली मारली नाही, विचारलं, घरी कसं म्हणतोस? हा म्हणाला, 'अम्मा वच्चिंदि'. आणि मांजर आलं तर? तेही 'वच्चिंदि'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तेलुगूत बाई आली काय किंवा मांजर आलं काय, क्रियापद एकच, पोरगं ढ नाहीये, ते आपल्या भाषेच्या हिशोबाने बरोबरच बोलत होतं! इतकी वर्षं दोन्ही भाषा बोलतोय पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी तो आला, ती आली, ते आलं यावर दोन तास नुसते खेळ घेतले.

'ळ' चं तर अजून भारी. बाकीची पोरं 'बाळ'चं 'बाल' करत होती, ताईंनी प्रत्येकाला पाण्याला घरी काय म्हणता विचारलं, आमचा म्हणाला 'नीळ्ळु', की लगेच सगळ्यांना सांगितलं, ऐका, याच्याकडे ळ घरूनच आलाय, याच्याकडून शिका. त्या दिवशी साहेब काय फुगले होते, रात्री नानम्माला, म्हणजे आजीला, फोन करून चार वेळा नीळ्ळु म्हणून दाखवलं. 'चाक' आणि 'चार' मधला च मात्र अजून गंडतो.

आता तक्रारी. बॅचमध्ये ८ मुलं सांगितली होती, निघाली १४. अॅप मधेच बंद पडतं, रेकॉर्डिंग दोन-दोन दिवस येत नाही. 'स्टडी मटेरियल' म्हणून ४५० रुपये वेगळे घेतले आणि त्यातली अर्धी पानं बालभारतीच्या सुलभभारतीची निघाली, जी मराठी माध्यमाबाहेरच्या मुलांसाठीच काढलेली आहे आणि पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते. हे मला खटकलं. विचारलं तर 'प्रिंटिंग कॉस्ट सर'. आणि तिसऱ्या महिन्यात ताई बदलल्या, नवीन सर परत उतरवून घ्या छाप.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं की ही सक्ती म्हणजे अल्पसंख्याकांवर अन्याय आहे, कोर्टात टिकणार नाही. अहो, गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळांतल्या सक्तीच्या मराठीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं आणि २००४ मध्ये कोर्टाने सक्ती योग्यच ठरवली. मला पण मराठी हवंच आहे, उद्या पोराला इथेच राहायचंय. पण दुसऱ्या बाजूने घटनेत ३५० अ पण आहे, १९५६ पासून, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्याने करावी म्हणून. बेळगावच्या मराठी शाळांसाठी आपण ते कलम पुढे करतो, तेच सोलापूरच्या तेलुगू शाळांना पण लागू आहे. माझे वडील तसल्याच शाळेत शिकले आणि मराठी पेपर रोज वाचायचे, एकामुळे दुसरं अडलं नाही.

रेटिंग: पहिल्या ताई ५, अॅप १, मटेरियल २. फी परत भरली नाही. त्या ताई आता स्वतः घरून ५ मुलांची बॅच घेतात, तिकडे नाव घातलंय. काल बायको ऑफिसमधून आली तर पोरगं दारातून ओरडलं, 'आई आली!' आणि मागून मांजर शिरलं तर 'मांजर आलं!'