बियांपासून वाढवलेली बहुवर्षायू फुलझाडे : दुसऱ्या उन्हाळ्यातले मत

इंग्लंडमध्ये थंडी सोसणाऱ्या बहुवर्षायू फुलझाडाच्या एका तयार कुंडीला जेवढे पैसे पडतात, त्याहूनही कमी पैशांत बियांचे पाकीट मिळते आणि त्यातून वाफ्याचा मोठा भाग भरेल इतकी रोपे होतात. लीड्स येथील आमच्या घरामागे कुंपणालगत असलेला लांब वाफा मी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून केवळ बियांवर उभा केला आहे. आता त्याचा दुसरा उन्हाळा चालू असल्याने या पद्धतीविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

महाराष्ट्रात झेंडूचे बी ओल्या मातीत टाकले की आठवड्याभरात उगवते. येथील बहुवर्षायू झाडांच्या बाबतीत मात्र प्रत्येक जातीची अट निराळी असते आणि ती पाळली तरच पाकिटाचे पैसे वसूल होतात. अक्विलेजियाचे बी उन्हाळ्यात पिकून झडते. ते सगळे लगेच उगवले तर कोवळी रोपे हिवाळ्यात टिकणे अवघड, म्हणून गारवा अनुभवल्याशिवाय सहसा जागे न होण्याची सोय त्या बियांतच असते. ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) मिसळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे आणि नंतर मातीने न झाकता उजेडात पेरावे. माझ्याकडे अशी उगवण दाट आणि एकसारखी झाली. ल्युपिनला अडसर असतो तो कठीण कवचाचा. बी २४ तास पाण्यात भिजवून जे फुगेल तेच पेरावे. डेल्फिनियमचे बी उबेत लवकर निकामी होते, त्यामुळे पेरणीपर्यंत ते फ्रिजमध्येच ठेवावे, आणि पेरल्यानंतरही तापमान २० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. हीटर चालू नसलेली खोली त्यासाठी उत्तम.

उगवल्यानंतरचे दोन महिने अधिक जिकिरीचे असतात. ट्रेला खालून पाणी द्यावे आणि हवा खेळती ठेवावी, कारण वरून सतत भिजणारी रोपे बुरशीमुळे देठाशी कुजून आडवी पडतात. रोप उचलताना पान धरावे, देठ कधीही धरू नये. बागेत लावण्यापूर्वी निदान आठवडा-दीड आठवडा ती दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवावीत.

बिनशंखाच्या गोगलगायींचा बंदोबस्त झाला नाही, तर डेल्फिनियम लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्यांच्या वापरावर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी परोपजीवी सूत्रकृमी, म्हणजे या गोगलगायींना मारणारे अतिसूक्ष्म कृमी, पाण्यातून देते. मात्र त्यासाठी जमिनीचे तापमान ५ अंशांच्या वर असावे लागते. रोपे लहान कुंडीत चांगली जाडजूड होऊ देऊन मगच लावली, तर नुकसान निश्चितपणे कमी होते.

फुलांविषयी बोलायचे, तर पहिल्याच वर्षी भरभरून फुलला तो अ‍ॅचिलियाचा ‘समर पेस्टल्स’. बाकीच्यांनी पहिले वर्ष मुळे आणि पाने वाढवण्यात घालवले. या मे-जूनमध्ये ल्युपिनचे तुरे आले आणि या सगळ्या खटाटोपाचे मोल मला त्या वेळी खऱ्या अर्थाने कळले. येथून जवळच्या यॉर्कमध्ये जॉर्ज रसेल यांनी अनेक वर्षे रोपे निवडून, नको ती काढून टाकून जे दुरंगी, भरदार ल्युपिन तयार केले आणि १९३७ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात मांडले, त्यांचाच वारसा आजच्या मिश्र बियांत आहे. प्रत्येक रोपाचा रंग वेगळा निघतो आणि फूल येईपर्यंत तो कळत नाही. मला हे वैविध्य अतिशय प्रिय आहे. मात्र ठरावीक रंगांची आखीव मांडणी हवी असणाऱ्यांनी बियांच्या वाटेला जाऊ नये. मन मोहून टाकणारे एखादे रोप मिळाले, तर वसंतात त्याच्या बुंध्यापासून फुटणाऱ्या कोंबांची कलमे करावीत, कारण त्याचे बी तोच रंग देईल याची खात्री नसते. जिरेनियम ‘रोझॅन’सारखी वांझ जात तर रोप म्हणूनच विकत घ्यावी लागते.

आपल्याकडे दसऱ्याच्या हारांत दिसणारा गॅलार्डियाही बियांपासून सहज होतो. परंतु येथील चिकण मातीत त्याची मुळे हिवाळ्याच्या ओलीने कुजतात, थंडीपेक्षा पाणी साचण्यानेच तो अधिक दगावतो. म्हणून मी तो वाफ्यात न लावता खडी मिसळलेल्या मातीच्या उंच कुंड्यांत ठेवला आहे आणि तेथे तो उत्तम वाढत आहे.