लॉन काढून जलपिंपळी, मुरूम आणि ठिबक: तीन ऋतूंनंतर

पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे आमचं नवं घर. बिल्डरने पुढे-मागे मिळून हजारेक चौरस फूट मेक्सिकन लॉन लावून दिलं होतं. दिसायला झकास, पण उन्हाळ्यात रोजचं पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी साडेचारशे लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत एकट्या गवताने पिऊन टाकायचा! मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ते उपटलं.

सगळ्यात जास्त समाधान दिलं जलपिंपळीने. आपल्याकडे ओढ्याकाठी आपसूक वाढते तीच. जूनमध्ये वीतभर अंतराने काड्या रोवल्या, दिवाळीपर्यंत जमीन झाकली गेली. मशीन फिरवायला नको, आणि ऐन एप्रिलमध्येही आठवड्यातून दोनदा पाणी पुरलं. बारीक पांढरट-जांभळी फुलं येतात, त्यांच्यावर मधमाश्या असतात, तेव्हा अनवाणी चालताना जपून. मुलांच्या क्रिकेटला मात्र ही जागा नाही, एवढी तुडवातुडव ती सोसत नाही. नर्सरीवाले हिच्याऐवजी पिवळ्या फुलांची वेडेलिया गळ्यात मारू बघतात. ती मूळची अमेरिका खंडातली, शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्येही हातपाय पसरते. घेऊ नका.

कुंपणालगत अडुळसा, तगर, कोरफड, गवती चहा. मुळांवर चार बोटं उसाचं पाचट, पण खोडापासून थोडं लांब. चिकटून राहिलं की वाळवीचं फावतं.

ठिबकला ताशी चार लिटरचे ड्रिपर आहेत. बोअरचं पाणी जड असल्याने त्यात क्षार साचतात. फिल्टर धुणं आणि नळीचं टोक उघडून पाणी सोडणं चुकवून चालत नाही. मेमध्ये खारींनी नळ्या कुरतडल्या. जवळ पाण्याची परळ ठेवल्यावर ते बरंच कमी झालं.

ठेकेदाराच्या आग्रहाने एका कोपऱ्यात पांढरे गोटे टाकले. फोटोत छान दिसतात. दुपारी तापून खिडकीतून झळ आत येते, पावसाळ्यात शेवाळं धरतं, आणि तण रोखायला खाली अंथरलेलं काळं कापड लव्हाळ्याने केव्हाच भोसकलंय. त्यापेक्षा मुरमात सांधे मोकळे सोडून बसवलेल्या शहाबादी फरश्या कितीतरी बऱ्या, पाणी तिथल्या तिथे मुरतं.

‘काही करावंच लागत नाही’ हे ठेकेदाराचं वाक्य सोडून द्या. पहिल्या पावसाळ्यात दर रविवारी खुरपं हातात होतं. गाजरगवत तर फुलायच्या आत उपटायलाच हवं. आता तेवढं तण येत नाही.

गोटे काढून तिथेही मुरूम टाकायचाय. कुणाला हवे असतील तर पोतं घेऊन या, फुकट देतो.