सूचनापेटी की क्वालिटी सर्कल? फाउंड्रीमालकाने आधी काय निवडावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ऐंशी-शंभर कामगारांच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी करण्यासाठी कामगारांना सामील करून घ्यायचे ठरले, की आधी या दोनच वाटा समोर येतात.

सूचना योजना, म्हणजे कामगाराने सूचनेची चिठ्ठी पेटीत टाकायची पद्धत, स्वस्त आणि सुटसुटीत आहे. टोयोटाने ती १९५१ मध्ये सुरू केली. पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) ठेवण्याची जागा, लॅडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) तापवण्याची वेळ अशा एकट्या माणसाला दिसणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम. मात्र प्रत्येक चिठ्ठीला आठवड्याभरात उत्तर गेले पाहिजे, मग ते कारणासह दिलेला नकार का असेना.

क्वालिटी सर्कलची चळवळ जपानमध्ये १९६२ साली सुरू झाली आणि १९८० मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यातून भारतात आली. एकाच विभागातले सहा ते दहा जण स्वेच्छेने, साधारणतः आठवड्यातून तासभर बसतात आणि एकच दोष धरून त्याच्या मुळापर्यंत जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात याची खरी गरज कळते. रात्रभर उघड्यावर राहिलेला कोअर (भागातली पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) ओल धरतो, धातू ओतल्यावर त्यातून वायू सुटतो आणि कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) कातडीखाली राहिलेला ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, मशीनिंग झाल्यावरच दिसतो. तोवर कित्येक दिवस उलटलेले असतात. साचा करणारा मोल्डर आपली वाळू मुठीत दाबून दाखवत ‘ओल बरोबर आहे’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो; दोष कोअरच्या ओलीत असतो. तारीख, पाळी आणि कोअरचा लॉट यांची नोंद शेजारी शेजारी मांडल्याखेरीज हा गुंता सुटत नाही. म्हणून अशा दोषासाठी कोअर शॉपचा माणूसही बैठकीला बोलवावा, मग सर्कलची व्याख्या थोडी वाकली तरी चालेल.

दोष रोज नवा असेल तर सूचना योजना, तोच तो परत येत असेल तर सर्कल, असे माझे मत आहे. दोन्हींचे भवितव्य मात्र मनुष्यबळ विभागाच्या हातात असते. बैठकीचा तास पगारी नसेल, किंवा कंत्राटी कामगार दर काही महिन्यांनी बदलत असतील, तर शिकलेले सारे गेटबाहेर जाते. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकासाठी प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवल्या जातातच. पण मजुरी साच्यांच्या संख्येवर असेल तर ओला कोअर बाजूला काढून ठेवणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो. संख्येच्या कोट्याला गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांचा विरोध होता तो यासाठीच. तेव्हा आधी मजुरीची पद्धत बदलावी आणि बोनस मशीनिंगनंतर पास झालेल्या कास्टिंगवर द्यावा, तोही कोअर शॉपसह सगळ्या पाळीला मिळून, कारण कोअरच्या दोषाची कपात मोल्डरच्या पगारातून झाली तर पुढच्या बैठकीला तो येणार नाही.