बेअर कंपनीचं जुनं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) काही महिने वापरल्यावर, आणि स्ट्रिंगबद्दल जरा जास्तच

काल धनुष्याची दोरी, म्हणजे स्ट्रिंग, बदलायला गेलो आणि दुकानदाराशी वाजलंच. म्हणे डॅक्रॉन (जुन्या पद्धतीचा पॉलिस्टर धागा) आता कोण वापरतं, ही नवी घ्या, ताणत नाही, बाण सुसाट जातो. अहो बाण जाईल, धनुष्याचं काय? जुन्या लिम्बची, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजूंची, टोकं या नव्या धाग्यासाठी बनवलेलीच नाहीत, न ताणणारी स्ट्रिंग सगळा झटका टोकांवर टाकते आणि खाचेपासून चीर जायला लागते. डॅक्रॉन थोडं ताणतं, झटका खातं. परत परत सांगूनही ऐकेना, मग तसाच निघालो.

धनुष्य म्हणजे कोडियाक हंटर, जुन्या बाजारात रविवारी घासाघीस करून २२०० ला मिळालं. विकणाऱ्याने शोभेचं म्हणून ठेवलेलं. लिम्बवर पुसट 'ग्रेलिंग, मिशिगन' दिसलं आणि मी तिथेच ठरवलं, कारण बेअरचा कारखाना १९७८ मध्ये तिथून फ्लोरिडात गेन्सव्हिलला गेला, म्हणजे हे बहुतेक त्याआधीचं. पैसे द्यायच्या आधी कापसाचा बोळा दोन्ही लिम्बच्या कडांवरून फिरवला, कुठे अडकला नाही म्हणजे फायबरग्लास उचकटलेलं नाही. टोकाकडून एका डोळ्याने बघितलं, पीळही नाही.

धनुष्यावर 'एएमओ ६०' (धनुष्याच्या लांबीचं प्रमाणित माप, इंचात) वाचून ६० इंचाची स्ट्रिंग मापून आणू नका, प्रत्यक्षातली स्ट्रिंग तीन-चार इंच आखूड असते.

४५# (ओढायला लागणारा जोर, पाउंडात) बघून आधी वाटलेलं की आपल्याला जड जाणार, सरावाला नाही चालायचं. आता मत पूर्ण बदललंय. तो आकडा २८ इंच ओढल्यावरचा असतो, माझी ओढ २६ ची. सामान तोलायचा हुकवाला काटा घरात होताच, वेगळा खर्च कशाला, त्यावर साडेअठरा किलो आले म्हणजे ४१ पाउंड. आणि सुटतं किती शांत! हाताला धक्का म्हणून नाही, या किमतीत असं काही मिळेल हे खरंच वाटलं नव्हतं.

स्ट्रिंग चढवताना मात्र स्ट्रिंगरच (त्यासाठीची वेगळी दोरी) वापरा, पायात अडकवून वाकवलं की लिम्ब पिळतो. बाण न लावता ओढून सोडू नका, बघायला आलेल्या पाहुण्यांना तर हातातच देऊ नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही, गोंद सुटतो.

पुण्यात कोणी १४ धाग्यांची डॅक्रॉन स्ट्रिंग मापाने वळून देत असेल तर प्लीज सांगा, बालेवाडी, हडपसर, कुठेही येतो.