बाउल गाउज की कार्बाइड: पहिला वाडगा कशावर कातावा?

लाकडाचे वाडगे कातायला लेथ आला, त्यावर लाकूड पकडणारा चक आला, तोंडावर घ्यायची काचही आली आणि आता गाडी हत्यारापाशी अडली आहे, असं धरून चालतो. तीन वर्षांपूर्वी मीही तिथेच अडलो होतो. कुणी म्हणे, गाउजशिवाय, म्हणजे दांड्यात पन्हळ असलेल्या, धार लावून वापरायच्या पटाशीशिवाय, केलेला वाडगा खरा नव्हेच. कुणी म्हणे, टोकाला कार्बाइडची कडक, बदलता येणारी टिप असलेली हत्यारं आल्यावर धार लावत बसतो कोण? माझं काही ठरेना, म्हणून दोन्ही घेतलं: अर्धा इंच दांड्याचा एक बाउल गाउज आणि कार्बाइडची दोन हत्यारं, एक गोल टिपचं, एक चौकोनी. तेव्हापासून साठेक वाडगे झाले असतील. त्यातले निम्मे पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगे.

काय घेऊ नये ते आधी सांगतो. आठ पटाश्यांचा स्वस्त संच मिळतो, लाकडी पेटीत, दिसायला झकास. तो उभ्या कामासाठी असतो: लाटणी, खांब, खेळणी. सावंतवाडीची कातीव खेळणी पाहिली असतील, तिथे लाकडाची रेषा लेथच्या आसाला समांतर धावते. वाडग्यात ती आडवी असते आणि सगळा हिशेबच बदलतो. त्या संचातला जाडजूड रफिंग गाउज तर वाडग्याला लावूच नका. मुठीत शिरते तिथे त्याची शेपटी बारीक असते. लाकडाने हत्यार ओढलं की नेमकी तिथेच मोडते.

आता कार्बाइड. पहिल्या दिवशी जो आनंद मिळतो तो इथेच मिळतो, हे कबूल. हत्यार टूल रेस्टवर, म्हणजे लेथवरच्या हत्यार टेकवायच्या आधारावर, आडवं, सपाट धरायचं, टिप साधारण मध्याच्या उंचीला, आणि हलक्या हाताने पुढे सरकायचं. पहिल्याच रविवारी दुपारी जेवणाआधी माझा वाडगा तयार होता. धार गेली? स्क्रू सैल करा, चौकोनी टिप एक घर फिरवा, पुन्हा नवी कोर. अशा चार. शिकायला फार काही नाही, आणि लाकडाने हत्यार ओढून घेण्याचे झटकेही कमी बसतात. चौकोनी टिपची सगळी कोर एकदम टेकवली तर मात्र बसतो, आणि चांगलाच बसतो.

जाता जाता एक. आमच्या नाशकात सातपूर-अंबडला संगणकी यंत्रांवर धातू कापणारे सीएनसीवाले जागोजागी, त्यामुळे 'कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे त्यांच्या टिपा, फुकट मिळतील की' हा विचार तुमच्याही मनात येईल. माझ्या आला होता. मित्राने डबीभर आणून दिले. पोलाद कापायच्या इन्सर्टची कोर मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते, म्हणजे ती लवकर तुटत नाही. लाकडावर ती नुसती घासते. ॲल्युमिनियमसाठीचे तासलेले, चकचकीत इन्सर्ट त्यातल्या त्यात बरे. पण लाकडासाठीच्या टिपा वेगळ्या घ्या, हेच खरं.

गाउजचं उलटं. पहिले दोन महिने त्याने मला रडवलं. पन्हळ वर आकाशाकडे करून आत शिरलो की कोपरा लाकडात घुसायचा, धाडकन आवाज, आणि वाडगा चकमधून सुटून भिंतीवर. एकदा कोनाड्यातल्या रंगाच्या डब्याला लागला. मग कळलं की आत शिरताना पन्हळ आडवी, कडेला तोंड करून हवी, आणि कोर लाकडात जाण्याआधी तिच्यामागचा, धार लावताना घासलेला उतार लाकडावर टेकलेला हवा. दांडा टूल रेस्टवर, उताराची टाच लाकडावर घासू द्यायची, मग मूठ सावकाश उचलत जायची. एका क्षणी घासण्याचा आवाज बदलतो, फुस्स होतं आणि पहिली साल सुटते. तो आवाज एकदा कानात बसला की पुढचं हाताला आपोआप कळतं. तो बसेपर्यंत माझे अकरा ओंडके जळणात गेले.

शिवाय धार. बोथट गाउज म्हणजे बोथट वस्तरा. ग्राइंडर हवा, शक्यतो मिनिटाला 1,400 च्या आसपास फेऱ्यांचा, पांढऱ्या चाकाचा, आणि कोन पकडून ठेवणारा जिग हवा. माझ्या गाउजला जेवढे पैसे पडले त्याच्या दुपटीहून जास्त ह्या दोघांना गेले. हे कुणी आधी सांगत नाही. धार लावण्याचा धसका मीही घेतला होता. तो गेला मार्करने. उतारावर काळा मार्कर फिरवायचा, चाक हाताने अर्धा फेरा फिरवायचं आणि शाई कुठे गेली ते पाहायचं. फक्त टाचेची गेली तर जिग थोडा हलवा, फक्त कोरेची गेली तर उलट. सगळीकडची गेली की मगच बटण दाबा. हायस्पीड स्टील ग्राइंडरवर थोडं निळं पडलं तर घाबरू नका, जुन्या कार्बन स्टीलसारखं ते मऊ पडत नाही. मी आता वाडग्यामागे दोन-तीनदा धार लावतो, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट.

इथवर वाचून कार्बाइडच बरं वाटत असेल. मलाही वाटत होतं, कुरडया वाळत घालेपर्यंत.

वाडग्यात रेषा आडव्या, त्यामुळे एका फेऱ्यात हत्यार दोनदा रेषांच्या टोकांशी भिडतं. लेथ 900 फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला 1,800 वेळा. कार्बाइड सपाट धरून खरवडतं. आडव्या रेषेवर ते खपून जातं, टोकांवर मात्र तंतू कापले न जाता उपटले जातात. वाडगा थांबवला की समोरासमोर दोन पट्टे दिसतात, खरखरीत, दाढीचे खुंट वाढल्यासारखे. आंब्याच्या लाकडात तर हमखास. टिप 45 अंशांत तिरकी धरून हलकेच फिरवलं की ते कमी होतात, जात नाहीत. मग उरतो पॉलिश पेपर. 80 नंबरपासून सुरुवात (नंबर लहान तितका कागद खरखरीत), मग 120, 180, 240, 320. माझ्या घड्याळाने एका वाडग्याला पाऊण तास. त्यातला बराचसा वेळ त्या दोन पट्ट्यांसाठी.

आणि त्या पाऊण तासाची पूड. माझा लेथ गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. एप्रिलचा महिना, बाहेर जुन्या साडीवर आईच्या कुरडया. मी मास्क लावून, दार उघडं टाकून दोन वाडगे घासले. संध्याकाळी आई ताट घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काय रे, कुरडयांना बेसन लावलंस का?" एकेका शेवेवर पिवळट थर. झटकून जाईना, धुवायची सोय नाही. एक पायली गव्हाचा चीक वाया.

थट्टा सोडा. लाकडाच्या बारीक पुडीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्यांत, घातलं आहे. ढलप्या झाडूने गोळा होतात. पूड हवेत तरंगते, फुप्फुसात जाते, आणि मास्क काढून चहा प्यायला बसलात तरी ती खोलीत असतेच.

धारदार गाउज तंतू कापतो. त्याच आंब्यावर, त्याच लेथवर माझं काम आता 120 ने सुरू होतं, कधीकधी 180 ने, आणि पंधरा मिनिटांत आटपतं. ओला ओंडका असेल तर बघायलाच नको. वादळात पडलेल्या आंब्याचा तुकडा लावला की ओलसर सालीच्या लांब फिती खांद्यावरून मागे उडतात, पूड नावाला नाही. ओल्यावर कार्बाइड लावलं तर माझ्याकडे तरी पृष्ठभाग लोकरीसारखा होतो. कदाचित माझाच हात वाईट असेल.

म्हणून माझं असं मत बनलं आहे, तुमचं वेगळं असू शकतं. जागा मोकळी, महिन्याला एखादा वाडगा, ग्राइंडर बसवायला ठिकाण नाही, तर कार्बाइड घ्या आणि मजा करा, त्यात कमीपणा काही नाही. सागावर आणि चिकटवलेल्या तुकड्यांच्या कामावर ते गाउजपेक्षा जास्त टिकतं, हेही खरं. पण घरात माणसं असतील, लेथ राहत्या जागेला लागून असेल आणि दर रविवारी बसायचा विचार असेल, तर ते दोन महिने सोसा.

गाउज घेताना एवढं बघा: ब्रिटिश मापाचा 3/8 आणि अमेरिकी मापाचा 1/2 ही बहुधा एकच वस्तू. एकजण पन्हळ मोजतो, दुसरा दांडा. नवशिक्याला अर्धा इंच दांडा पुरतो. आणि दुसरा गाउज घेण्याआधी ग्राइंडर घ्या.

कार्बाइड मी विकलेलं नाही. सालीसकट खडबडीत ओंडका गोल करायला अजून तेच वापरतो, त्यात माती-खडे असतात. गेल्या महिन्यात पुतण्याने पहिला वाडगा त्यावरच केला, तासाभरात, आणि घरभर मिरवला. घासायला मात्र त्याला मी खाली अंगणात पाठवलं. वर पापड वाळत होते.