नव्या रंगाचा जुना ट्रॅक्टर: नऊ महिने वापरल्यानंतर

जून २०२५ मध्ये बागेसाठी जुना मिनी ट्रॅक्टर घेतला. बावीस एचपी, तीन सिलिंडर, फोर बाय फोर, मीटरवर १,८४० तास. व्यवहार २ लाख ६५ हजारांवर ठरला. आज मीटर २,११६ वर आहे, म्हणजे पावणेतीनशे तास मी स्वतः चालवलाय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे रडगाणं आहे त्यात कंपनीचा दोष जवळपास नाहीच. दोष असेल तर विकणाऱ्याच्या स्प्रे गनचा आणि माझ्या घाईचा.

आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, लागवड नऊ बाय पाच. नऊ फूट ऐकायला भरपूर वाटतं, पण वायच्या (वेल चढवायच्या वाय आकाराच्या मांडवाच्या) दोन्ही बाजूंनी फुटी आत झुकल्या की मधे मोकळी वाट पाच फूटसुद्धा राहत नाही. मोठा ट्रॅक्टर आत घातला की काड्या मोडतात. म्हणून इतकी वर्षं फवारणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टर-ब्लोअरने (पंख्याच्या जोरावर औषध उडवणारं यंत्र), भाड्याने. माणूस चांगला, पण पाऊस उघडला की सगळ्यांनाच त्याच तासाला फवारणी हवी असते. आधी त्याची बाग, मग त्याची भावकी, मग मी. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचला. घडनिर्मितीच्या ऐन दिवसांत ऊन नाही, बाग ओली, आणि मी बांधावर उभा राहून दुसऱ्याच्या ब्लोअरची वाट बघतोय. तेव्हाच ठरवलं की जुना का होईना, स्वतःचा घ्यायचा.

(टोमणे मारणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला हे मला माहीत आहे. जूनमध्ये ते मला स्वप्नात दिसलं नव्हतं.)

बघायला गेलो तेव्हा ट्रॅक्टर शोरूममधून निघाल्यासारखा चमकत होता. बॉनेट, मडगार्ड, रिमा, सगळं ताजं. इतकंच काय, बॅटरीची पेटी, बोल्ट, पाइप, जे जे समोर आलं त्यावर गन फिरवलेली. सायलेन्सरला हात लावला तर गरम. "आत्ताच एक पार्टी बघून गेली, दादा." मी मान डोलावली. आता कुणी विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगतो की इंजिन गार असताना जा, आणि जाण्याआधी फोन करू नका. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, उठताना कोणत्या रंगाचा धूर सोडतं, ते गरम इंजिन कधीच सांगत नाही. माझं नशीब की इंजिन खरंच चांगलं निघालं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघितलं तर वाफ नव्हती, धूर नव्हता, रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नव्हता.

नाना (आमचे वडील) एकदाच फेरी मारून म्हणाले, "ब्रेकच्या पायटीचं रबर बघ, पार गुळगुळीत झालंय. एवढा रंग दिला, शंभर रुपयांचं रबर नाही बदललं." मी म्हटलं, चालायचंच.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. परत चावी, परत 'टक'. दिवे लावले तर मिणमिणते. सगळ्यांनी एकमताने बॅटरी मेली म्हणून सांगितलं. नवी बॅटरी ५,२०० ला आणली. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी परत 'टक'. मग भाचा आला, त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. त्याने मीटर लावला, बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं. दिसले अडीच. "मामा, तुमची अर्थिंगच बसत नाहीये."

निगेटिव्हची जाड पट्टी चेसीला जिथे कसतात तो बोल्ट सोडला. पट्टीखाली रंग. रंगाखाली गंज. रंगवणाऱ्याने पट्टी सोडून, गन मारून, ओल्या रंगावरच परत कसलेली. भाच्याने हॅक्सॉच्या तुटक्या पानाने ती रुपयाएवढी जागा खरवडून लख्ख केली, लग (पट्टीचं टोक) काचपेपरने घासला, वरून थोडं ग्रीस लावून कसला. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर आजतागायत 'टक' ऐकू आलेलं नाही. जुनी बॅटरी नानांनी घरच्या इन्व्हर्टरच्या दुकानात दाखवली, ती चांगली होती. घरात त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पण तुमच्याकडे असं झालं तर बॅटरी आणायच्या आधी एक जंपर केबल निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या बॉडीला धरून सेल्फ मारून बघा. इंजिन उठलं तर पैसे खिशातच ठेवा.

एकदा ही नस सापडल्यावर जिथे जिथे रंग होता तिथे तिथे मी संशयाने बघू लागलो. ग्रीसची सगळी निप्पलं रंगाने बुजलेली. ग्रीस गन लावली की ग्रीस आत जायच्या ऐवजी बाजूने बाहेर. सुईने तोंडं मोकळी केली, दोन निप्पलं बदलली. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनीत कोरडा खडखडाट होता, तो निम्मा तरी ग्रीसनेच गेला. चेसी नंबरसुद्धा रंगाने भरलेला. आरसी ट्रान्सफरसाठी त्याचा ठसा घ्यायचा तर आधी टाचणीने एकेक आकडा कोरत बसलो. सुदैवाने जुळला. फॉर्म २९, ३०, आधीच्या मालकाच्या कर्जाची एनओसी, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि विमा, असं सगळं मिळून ६,५०० गेले. ही कागदपत्रं व्यवहाराच्या दिवशीच हातात घ्या. टोकन दिल्यानंतर विकणाऱ्याचा फोन उचलायचा वेग कमी होतो.

आता मुख्य दुखणं. याने माझा ऑक्टोबर खाल्ला.

ब्लोअर जोडून पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार चालवणारा फिरता दांडा) चालवला की ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास झकास चालायचा, मग आवाज जड व्हायचा, दोन-तीन आचके, आणि बंद. सेल्फ मारला तर फिरतोय, पण उठत नाही. मिस्त्री यायचा, टाकीत डिझेल आहे का बघायचा, म्हणायचा, "एअर धरली." म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू कसायचा, मग नोजलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ. ट्रॅक्टर उठायचा. परत पाऊण तास. डिझेल फिल्टर बदलला. रबरी नळ्या बदलल्या, क्लिपा बदलल्या, तांब्याचे वॉशर बदलले. २,३०० रुपये. वाड्यावर उभा करून दहा-पंधरा मिनिटं चालवून बघितला की काही होत नसे. बागेत गेला की ठरल्यासारखा बंद. शेवटी मिस्त्री म्हणाला, पंपच उतरवून टेस्टिंगला पाठवू, चौदा हजार धरून चाला.

भाऊबीज झाली आणि पुन्हा पाऊस. छाटणीला वीस-बावीस दिवस झालेले, पानं कोवळी, म्हणजे डाऊनीला (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आमंत्रणच. संध्याकाळी चार वाजता ढग फाटले. मी टाकी फुल करून निघालो आणि पाचव्या ओळीत बंद. मिस्त्री बहिणीकडे गेलेला. चिखलात उभा राहून विचार करत होतो की आज लवकर कसा बंद पडला. परवा अर्ध्या टाकीवर होता तर तासभर चालला होता. फुल टाकीवर लवकर, अर्ध्या टाकीवर उशिरा. हे उलटं नाही का? डिझेल कचऱ्याने अडत असतं तर टाकी खाली जाईल तसं जास्त अडायला हवं.

काही सुचेना म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! कुकरची शिट्टी काढल्यावर होतं तसं, फक्त वारा बाहेर नाही, आत गेला. सेल्फ मारला. चार-पाच गरक्यांत इंजिन उठलं. ना एअर काढली, ना पाना लावला.

झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायला हवी. माझ्या झाकणावर त्या भोकावरच रंगाचा थर. हवा येत नव्हती, टाकीत ओढ तयार होत होती, आणि पंपाला डिझेल मिळेनासं होत होतं. टाकी फुल असताना वर हवेची जागा थोडी, म्हणून ओढ लवकर तयार व्हायची. वाड्यावर इंजिन हलकं चालायचं, डिझेल कमी लागायचं, म्हणून पंधरा मिनिटांत काही दिसायचं नाही. आणि मिस्त्री दर वेळी पहिलं काम काय करायचा? झाकण उघडून डिझेल बघायचा! आजार तिथेच बरा व्हायचा, आणि श्रेय एअर काढण्याला जायचं. त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर आधी हसला, मग गप्प झाला. पैसे मात्र त्याने कधी जास्त लावले नव्हते, हेही सांगतो.

पिनेने भोक मोकळं केलं, खर्च शून्य. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत हेडलाइटवर फवारणी उरकली. पण आधीच्या तीन फवारण्या अर्धवट किंवा उशिरा झाल्या होत्या. खालच्या एकरात डाऊनी घडांवर उतरला तो उतरलाच.

बाकीचं थोडक्यात. रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) उचलताना लिफ्ट कण्हायची. हायड्रॉलिकचं तेल सोडलं तर ताकासारखं पांढरं. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं, उघड्यावर उभा असताना पावसाचं पाणी तिथून आत गेलेलं. रबर, तेल, फिल्टर मिळून ६,८००. बघायला गेलात तर डिपस्टिक बाहेर काढून तेलाचा नुसता गेज बघू नका, रंग बघा. रेडिएटरच्या जाळीत पाचोळा आणि धुळीचा गालिचा बसला होता, आत बोअरचं क्षाराचं पाणी. साफ करून घेतला, कूलंट भरला, १,८०० लागले. आता दर दोन फवारण्यांनी पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी मारतो. पुढून मारलं तर कचरा आणखी आत रुततो. उभा सायलेन्सर फुटींना चटके द्यायचा, तो ९०० रुपयांत खाली वळवून घेतला.

टायरचं मात्र नीट सांगायला हवं, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोर बाय फोर टाकून बांधावर वळलो की ट्रॅक्टर आखडायचा, आणि नंतर दांडा निघता निघेना. थोडा मागे घेतला की खट् करून सुटायचा. पुढचे टायर रिमला बसले म्हणून भलत्याच मापाचे टाकलेले होते. फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांशी बांधलेली असतात, मापाचा हिशेब ठरलेला असतो. तो बिघडला की चाकं एकमेकांशी भांडतात आणि मार गिअरला बसतो. पुस्तकातल्या मापाची जोडी घातली, ७,६००. आणि डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर कधीच नाही, ओल्या शेतातच.

बॅटरी धरून वरचा खर्च ३१,१०० झाला. म्हणजे ट्रॅक्टर २ लाख ९६ हजारांना पडला. त्यातले साडेसात हजार, बॅटरी आणि नळ्या-फिल्टर, हे निव्वळ माझ्या उतावीळपणाचे. पाचशे लिटरच्या ब्लोअरला डिझेल तासाला सव्वादोन-अडीच लिटर लागतं. चिखलात जिथे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतायचा तिथून हा निघतो. वजन कमी असल्याने ओळीत चाकोऱ्याही कमी पडतात. भरलेला ब्लोअर घेऊन चढाच्या बांधावर मात्र पुढचं तोंड हलकं होतं, तिथे सांभाळून. सीट लाकडी पाटासारखी आहे, कंबर ज्याची त्याने बघावी.

डिसेंबरपासून एकदाही बागेत बंद पडलेला नाही. परत घ्याल का म्हणाल तर घेईन. पण यापुढे रंग उडालेला, डागाळलेला, पायटीचं रबर धड असलेला ट्रॅक्टर समोर आला तर त्याला पाच हजार जास्त देईन.

शिल्लक काम एकच. मागच्या डाव्या चाकाच्या सीलमधून तेल पाझरतं. खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) उरकली की उघडू असं मिस्त्रीशी ठरलंय. तोवर खाली डालड्याचा जुना डबा ठेवलाय, नाना रोज सकाळी वाकून त्यात किती तेल आलं ते बघतात.